हलकी रायफल, हरणाची शिकार आणि बुलेटची निवड

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत हरणामागे दिवसभर चालायचं असेल तर रायफलीचा प्रत्येक औंस मोजावासा वाटतो. दुर्बिणीसकट आठ-नऊ पौंडांची रायफल सकाळी ठीक वाटते, दुपारनंतर तिचा पट्टा खांद्यात रुततो. म्हणून सहा पौंडांच्या, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपासच्या रायफली अमेरिकेत हौसेने घेतल्या जातात. वेस्ट व्हर्जिनियातल्या मेल्विन फोर्ब्ज यांनी १९८०च्या दशकात ग्रॅफाइट आणि केव्हलरचा दस्ता बसवून पाच पौंडांच्या आतली रायफल बाजारात आणली. पुढे किंबरसारख्या कंपन्याही जवळपास त्याच वजनाच्या रायफली बनवू लागल्या. अशी रायफल वाहायला सुखाची, पण झाडली की अंगावर येते. तिच्या मापाची काडतुसं दुकानात मिळतात आणि चालतातही. तरी हलक्या रायफलीचे बरेच मालक काडतुसं घरी स्वतः भरतात. ते का, आणि भरण्याआधी बुलेट कशी निवडतात, ते इथे सांगायचं आहे.

हा सगळा मामला अमेरिकेतला. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि विनापरवाना काडतुसं बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिकेत व्हाइटटेल हरणांच्या शिकारीचा हंगाम आणि परवाने प्रत्येक राज्य ठरवतं, आणि स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. तिथल्या मराठी घरांत शेजाऱ्याने हंगामात हरणाचं मांस आणून दिलं, तर त्यातल्या शिशाबद्दलचा पुढचा भाग त्यांच्याही कामाचा आहे.

आधी काडतुसाची रचना. पितळी नळीच्या बुडाशी प्रायमर, म्हणजे ठोका बसताच पेटणारी छोटी टोपी. नळीत पावडर, म्हणजे बिनधुराची दारू. तोंडाशी घट्ट बसवलेली बुलेट, आणि बॅरलमधून बाहेर पडते ती एवढीच. बुलेटचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे १४० ग्रेनची बुलेट साधारण ९ ग्रॅमची. पावडरही ग्रेनमध्येच मोजतात, आणि नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो.

आता धक्का. हलक्या होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते. होडी जितकी हलकी तितकी जोरात. रायफलीचं तसंच आहे. बुलेट आणि जळून बाहेर पडणारा वायू मिळून पुढे जितका संवेग नेतात तितकाच रायफलीला मागे मिळतो. संवेग तोच राहिला आणि रायफलीचं वजन कमी केलं, तर धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. हलक्या रायफलींत फार चालणारं ७ एमएम-०८ रेमिंग्टन हे काडतूस घेऊ. १४० ग्रेनची बुलेट सेकंदाला २,८०० फुटांनी, म्हणजे ८५३ मीटरने निघाली, तर आठ पौंडांच्या रायफलीला साधारण २० ज्यूल धक्का बसतो. तेच काडतूस सहा पौंडांच्या रायफलीत साधारण २७ ज्यूलचं होतं. दोन पौंड उतरवले आणि धक्का एक तृतीयांशाने, म्हणजे २० वर आणखी सातने वाढला.

२७ ज्यूल कोणाचा खांदा मोडत नाहीत. नुकसान वेगळीकडे होतं. मैदानावर अशी वीस काडतुसं लागोपाठ झाडली की शरीर शिकतं, आणि पुढच्या वेळी ट्रिगर पूर्ण दाबला जाण्याआधीच माणूस अंग चोरतो, डोळे मिटतो. हलकी रायफल तशीही हातात कमी स्थिर राहते, कारण जड बॅरल हाताची थरथर दाबून धरतं आणि हे बारीक बॅरल धरत नाही. त्यात अंग चोरणं आलं की शंभर यार्डांवरचा नेमही बिघडतो. काही जण बॅरलच्या तोंडाशी मझल ब्रेक लावतात. वायू बाजूला फेकून तो धक्का बराच कमी करतो, पण आवाज बाजूंना आणि मागे इतका फेकतो की कानांना संरक्षण नसेल तर सोबत्याचेही कान जातात. शिकारीच्या रायफलीवर मला तो पटत नाही.

माझ्या मते यावरचा खरा इलाज काडतुसातच आहे: हलकी बुलेट, थोडा कमी वेग. वरच्याच सहा पौंडांच्या रायफलीत १२० ग्रेनची बुलेट २,७०० फुटांनी सोडली तर धक्का साधारण १८ ज्यूलवर येतो. म्हणजे आठ पौंडांच्या रायफलीतून पूर्ण ताकदीचं काडतूस झाडल्यापेक्षाही कमी. प्रश्न एवढाच उरतो की ही बुलेट हरणाला पुरेल का.

हरीण मरतं ते फुप्फुसं किंवा हृदय फाटल्याने. मोठ्या व्हाइटटेलच्या छातीत नेम धरण्यालायक भाग साधारण आठ-दहा इंच व्यासाचा. आडव्या उभ्या हरणाच्या छातीची एका बाजूपासून दुसरीपर्यंतची जाडी फूटभरच भरते. म्हणजे बुलेटला फार खोल जायचं नसतं. तिने आत शिरून फुलावं, रुंद जखम करावी आणि शक्यतो दुसऱ्या बाजूने बाहेर पडावं. बाहेर पडण्याला महत्त्व आहे, कारण हृदयाला लागूनही हरीण पन्नास-शंभर यार्ड धावतं, आणि दाट झाडीत दोन भोकांतून पडणारं रक्त नसेल तर ते सापडत नाही.

फुलणं अवलंबून असतं ते हरणावर आदळतानाच्या वेगावर. बॅरलमधून निघतानाचा वेग पाकिटावर छापतात, म्हणून सगळे त्याच आकड्याबद्दल बोलतात. पण शिसे आणि तांब्याच्या कवचाची साधी बुलेट नीट फुलायला आदळताना सेकंदाला साधारण १,८०० फूट वेग लागतो. निखळ तांब्याच्या बुलेटला २,०००च्या खाली नेऊ नये असं बरेच अनुभवी शिकारी मानतात. त्याहून हळू आदळली तर ती न फुलता सरळ आरपार जाते आणि बारीक भोक ठेवते. उलट पातळ कवचाची बुलेट ३,०००च्या आसपास आदळली तर खांद्याच्या हाडावरच फुटून तिचे तुकडे होतात. बुलेट निवडायची म्हणजे या दोन मर्यादांच्या मध्ये राहायचं.

वरची १२० ग्रेनची बुलेट २,७०० फुटांनी निघून २०० यार्डांवर साधारण २,२७० आणि ३०० यार्डांवर साधारण २,०५० फुटांनी आदळते. पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात १५० यार्डांपलीकडचं हरीण दिसणंच दुर्मीळ. ३०० यार्डांवर ती जड, वेगवान बुलेटपेक्षा एक-दीड इंच जास्त खाली जाते आणि आठ इंचांच्या लक्ष्यावर तेवढ्याने काही बिघडत नाही. कायद्याच्या बाजूनेही अडत नाही. कोलोराडोत हरणासाठी १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा लागते, आणि या बुलेटकडे तिथे सोळाशेच्या वर असते. इंग्लंडमध्ये बहुतेक हरणांसाठी बॅरलच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंडांचा नियम आहे. तोही ही बुलेट पाळते.

मग १२० ग्रेनची नक्की कोणती? इथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. १९३९मध्ये रेमिंग्टनने कोअर-लॉक्ट आणली. मऊ शिशाचा गाभा, त्याभोवती तांब्याच्या मिश्रधातूचं कवच, आणि गाभा निसटू नये म्हणून ते कवच मधल्या भागात जाड. ती आजही दुकानांत मिळते आणि आजही हरणं पाडते. पण दुसऱ्या महायुद्धानंतर काडतुसांचा वेग वाढत गेला तशी साध्या बुलेटची मर्यादा दिसायला लागली. १९४६मध्ये जॉन नॉस्लर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूस या अजस्र हरणाच्या शिकारीला गेले असताना चिखलाने माखलेल्या एका मूसला जवळून मारलेल्या गोळ्या कातडीपाशीच फुटल्या, आत गेल्याच नाहीत. परत येऊन त्यांनी बुलेटच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा कप्पा फुलून फुटो, भिंतीमागचा शाबूत राहून आत जातो. ही पार्टिशन बुलेट १९४८पासून विकली जातेय.

त्यानंतरचा मोठा बदल बार्न्स कंपनीच्या रँडी ब्रूक्स यांचा. १९८०च्या दशकाअखेर त्यांनी शिसे पूर्ण काढून निखळ तांब्याची बुलेट बाजारात आणली, टोकाला पोकळी असलेली. आदळली की तिच्या चार पाकळ्या मागे वळतात आणि वजन जवळजवळ सगळं टिकतं. हलक्या रायफलवाल्यांना ही फार सोयीची ठरली. शिशाची बुलेट आत जाताना वजन गमावते म्हणून ती मुळात जड घ्यावी लागायची. तांब्याची १२० ग्रेनची बुलेट शेवटपर्यंत जवळपास तेवढीच राहते, म्हणून हलकी घेतली तरी आरपार जाते. धक्का कमी करायचा तर वजन कमी करा, आणि वजन कमी करूनही खोली हवी तर तांबं घ्या.

पण वेग जाणूनबुजून मऊ ठेवायचा आणि सगळी शिकार १५० यार्डांच्या आतली असेल, तर साधी, स्वस्त, शिशाची बुलेटही उत्तम काम करते. तिचं फुटणं हे फार वेगाचं दुखणं होतं, आणि वेग आपण आधीच उतरवलेला असतो. महाग, कणखर बुलेट हळू काडतुसात घालणं हा उलटा खर्च आहे, कारण ती कणखर आहे म्हणूनच हळू वेगाला फुलत नाही. दुकानात उभं राहून सगळ्यात भारी दिसणारी बुलेट उचलणारे बरेच जण इथेच फसतात.

शिशाचा एक वेगळा प्रश्न आहे, आणि तो माझ्या मते खरा आहे. शिशाची बुलेट हरणात फुटते तेव्हा डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात जातात. २००८मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसे सापडलं आणि राज्याने अन्नवाटप केंद्रांना तो न वाटण्याची सूचना दिली. कॅलिफोर्नियात कारण वेगळं. तिथली कॉन्डॉर गिधाडं शिकाऱ्यांनी मागे टाकलेली आतडी खातात आणि त्यातल्या शिशाने मरतात. १९८७मध्ये जंगलातला शेवटचा कॉन्डॉर पकडून पिंजऱ्यात वाढवावा लागला होता. पुढे पक्षी पुन्हा सोडले, तरी शिशाने मरणं थांबेना. अखेर १ जुलै २०१९पासून त्या राज्यात बंदुकीने कुठल्याही वन्यप्राण्याच्या शिकारीला शिशाची बुलेट बंद झाली. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर मी तांब्याचीच निवडेन. शिशाचीच वापरायची तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाकावं.

तांब्याबाबत एक अडचण असते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची बुलेट जास्त लांब होते. लांब बुलेट हवेत सरळ राहायला तिला जास्त वेगाने गरगरावं लागतं, आणि ते गरगरणं बॅरलच्या आतल्या आट्यांच्या पिळावर ठरतं. ‘१० इंचांत एक फेरा’ असा तो पीळ लिहितात. आकडा लहान तितका पीळ घट्ट. याची किंमत रेमिंग्टनला मोजावी लागली ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५५मध्ये विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ अशी दोन काडतुसं आणली. दोन्हींत एकाच व्यासाची बुलेट आणि रेमिंग्टनच्या नळीत पावडर थोडी जास्तच मावायची. पण रेमिंग्टनने ते काडतूस मुख्यतः छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठी धरलं आणि बॅरलला १२ इंचांत एक फेरा असा सैल पीळ दिला. विंचेस्टरने १० इंचांचा दिला, त्यात हरणासाठीची १०० ग्रेनची लांब बुलेट नीट जायची. हरणाच्या शिकाऱ्यांनी .२४३ उचललं. रेमिंग्टनने १९६३मध्ये पीळ घट्ट करून तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन नावाने पुन्हा आणलं, पण तोवर गिऱ्हाईक गेलेलं होतं. म्हणून बुलेट विकत घेण्याआधी आपल्या बॅरलचा पीळ पाहावा. बुलेटच्या पाकिटावर किमान किती पीळ हवा ते बहुधा छापलेलं असतं.

काडतुसाच्या निवडीवर थोडक्यात. १९५२च्या .३०८ विंचेस्टरची नळी आखूड आहे, म्हणून तिच्यासाठीची रायफलही आखूड आणि हलकी करता येते. .२४३ आणि ७ एमएम-०८ ही दोन्ही काडतुसं तीच नळी तोंडाशी आवळून झाली. तिघांत .२४३चा धक्का सर्वात कमी, पण बुलेटच्या निवडीत चुकायला जागाही कमी. .३०८ हलक्या रायफलीत जोरकस लागतं. ७ एमएम-०८ मधलं, आणि मला सगळ्यांत समजूतदार वाटतं. त्याआधीच्या काळात पूर्वेकडच्या जंगलांतली हलकी रायफल म्हणजे विंचेस्टरची ९४ नंबरची लिव्हरची रायफल आणि १८९५चं .३०-३० काडतूस. त्याची बुलेट चपट्या तोंडाची असते, कारण रायफलीच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक राहतात आणि टोकदार बुलेट पुढच्याच्या प्रायमरवर टेकली तर धक्क्याने स्फोट होऊ शकतो. आकड्यांत ते काडतूस आज किरकोळ वाटतं, पण त्याने पाडलेली हरणं मोजायची कोणी?

आता भरण्याचं काम. एकदा झाडलेली पितळी नळी साफ करून साच्यात दाबून मूळ मापाला आणतात, जुना प्रायमर काढून नवा बसवतात, लांबी तपासतात, पावडर तोलतात, आणि शेवटी बुलेट ठराविक खोलीवर बसवतात. प्रेस, साचे, तराजू आणि व्हर्निअर कॅलिपर एवढ्यावर भागतं. डोकं लागतं ते पावडर ठरवताना. पावडर आणि बुलेट बनवणाऱ्या कंपन्या पुस्तकं छापतात. त्यांत प्रत्येक काडतूस, बुलेट आणि पावडर यांच्या जोडीसाठी सुरुवातीचं आणि कमाल वजन दिलेलं असतं. आकडे फक्त तिथूनच घ्यायचे, ओळखीच्या माणसाने सांगितलेले नाहीत. शिशाच्या बुलेटचा आकडा तांब्याच्या बुलेटला लावायचा नाही, कारण लांब तांब्याची बुलेट नळीत जास्त जागा खाते आणि कडकही असते, त्यामुळे दाब वेगळा होतो. ७ एमएम-०८चा मंजूर कमाल दाब चौरस इंचाला ६१,००० पौंड आहे, आणि हे सगळं चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर घडत असतं.

सौम्य काडतूस हवं म्हणून वाटेल तितकी पावडर कमी करणंही धोक्याचं आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हळू जळणारी पावडर नळीत फार थोडी असली की ती एकसारखी पेटत नाही, बुलेट बॅरलमध्ये अडकू शकते, आणि क्वचित दाब अचानक भलताच चढतो. म्हणून पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्याखाली जायचं नसतं. याला एक अपवाद कंपनीनेच जाहीर केलेला आहे. हॉजडनची एच ४८९५ ही पावडर त्यांच्या तक्त्यातल्या कमाल वजनाच्या ६० टक्के उरेपर्यंत कमी करता येते, त्याखाली नाही. मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी तिची काडतुसं भरतात. मात्र इतकं खाली गेलं की आदळतानाच्या वेगाचा हिशोब पुन्हा करावा लागतो, आणि शिकारीचं अंतर बहुधा शंभर यार्डांवर आणावं लागतं. वेग मोजायला क्रोनोग्राफ हवाच. आखूड बॅरलमध्ये इंचामागे साधारण २०-३० फूट वेग कमी होतो, आणि पुस्तकातले आकडे अनेकदा २४ इंची बॅरलचे असतात.

नेमकेपणाच्या मागे किती लागायचं? हलक्या रायफलीचं बॅरल पेन्सिलीसारखं बारीक, तीन-चार गोळ्यांत तापतं आणि तापलं की गोळ्या सरकायला लागतात. कागदावर दहा गोळ्यांचा सुंदर गुच्छ काढण्याचा हट्ट या रायफलीशी धरू नये. तीन गोळ्या, मग रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागचं झाकण, उघडून बॅरल गार होऊ द्यावं. शंभर यार्डांवर दीड इंचाचा गुच्छ म्हणजे ३०० यार्डांवर साडेचार इंच, आणि लक्ष्य आठ इंचांचं आहे. अर्धा इंच आणखी कमवायला पावडरीचे शंभर प्रयोग करण्यापेक्षा त्याच काडतुसांनी बसून, गुडघ्यावर, काठीला टेकून सराव केला तर जास्त पदरात पडतं. सौम्य काडतुसाचा खरा फायदा इथेच दिसतो, कारण ते माणूस कंटाळेपर्यंत झाडू शकतो.

हंगामाआधीचं शेवटचं काम साधं आहे. निवडलेल्या काडतुसाची एकच गोळी, पूर्ण गार बॅरलमधून, वेगवेगळ्या दिवशी सकाळी झाडून ती कुठे लागते ते कागदावर तारखेसह लिहावं, कारण हरणावर बहुधा तीच एक गोळी झाडायची असते. मग शिकारीसाठी भरलेलं प्रत्येक काडतूस मैदानावर, बॅरल सुरक्षित दिशेला ठेवून, रायफलीत एकदा बसवून काढावं, म्हणजे एखादं अडकणारं असलं तर ते डोंगरावर कळायची वेळ येत नाही. डब्यावर बुलेट, पावडर, तिचं वजन, प्रायमर आणि भरल्याची तारीख लिहायची. आणि काम चालू असताना टेबलावर पावडरीचा एकच डबा ठेवायचा.